आबा, त्यांचं भिंग आणि माझ्या डोक्यातली गाठ

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतची, लोणी भापकरला. पाचवीला आईनं म्हशींमागं धाडलं ते धाडलंच. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी, हे मला आजही नीट कळत नाही. अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी गेल्यासारखं. त्यात उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट अजून माझं पुरतं ऐकत नाहीत. ओळ सरळ जाता जाता खाली उतरते. जो कुणी वाचेल त्यानं पोटात घालावं. खरं तर कुणी वाचावं म्हणून हे लिहीतच नाही.

बारामतीच्या दवाखान्यात हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, रोज एक पान लिहायचं. मी म्हटलं, काय लिहू? त्या म्हणाल्या, मनातलं लिहा. मनातलं लिहायचं म्हटल्यावर माझा हात आणखीच अडला. पहिले आठ दिवस मी भाज्यांची नावं लिहिली. मग पाहुण्यांची. मग माहेर-सासर दोन्ही गावच्या देवांची. तेही संपले, वही पडून राहिली. परवा ती पुन्हा हाती आली. तेव्हा आबांबद्दल लिहावं असं मनात आलं, कारण तोंडानं मला त्यांना कधीच काही सांगता आलं नाही.

आबा म्हणजे आमच्या नर्सरीचे मालक. अंथुर्ण्याच्या अलीकडं रस्त्याला लागून हिरव्या जाळीची तीन शेड होती. तिथं टोमॅटो, मिरची, कोबी, झेंडू यांची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि शेतकऱ्यांना विकायची. आम्ही अकरा बाया कामाला होतो. मी आजारी पडले तोवर मला तिथं नऊ वर्षं झाली होती. आबांचं पूर्ण नाव पावतीवर छापलेलं असायचं, पण ते मी इथं लिहीत नाही.

त्यांच्या गळ्यात सुतळीला बांधलेलं एक भिंग असायचं. रोपांवरची बारीक कीड डोळ्याला दिसत नाही, म्हणून ते ठेवतात. पण आबा त्यातून सगळंच बघायचे. औषधाच्या बाटलीवरची तारीख बघायचे, नोटा बघायचे, लग्नपत्रिका बघायचे. संक्रांतीला शालनआक्कानं तिळगूळ दिला तर तोही भिंगाखाली धरला आणि म्हणाले, "खडा हाय ह्यात." शालनआक्का म्हणाली, "आबा, ग्वाड बोला म्हणून दिलाय, तपासा म्हणून न्हाय." आबांनी नखानं खडा काढून तिच्या तळहातावर ठेवला आणि मग तिळगूळ खाल्ला.

त्यांचा एकच शब्द होता, "दाखव." पंप बिघडलाय, आबा. दाखव. मुंग्या झाल्यात. दाखव. माझ्या पोटात दुखतंय म्हणून लवकर जाते असं एका पोरीनं सांगितलं तेव्हाही तोंडातून निघालं, "दाखव." मग स्वतःच ओशाळले आणि दिवसभर दुसऱ्या शेडमध्ये जाऊन बसले. आम्ही बाया एकमेकींत त्यांची नक्कल करायचो. मी करायची नाही, पण हसायची.

एकदा बियाण्याच्या कंपनीचा माणूस आला. चकचकीत बूट, हातात टॅब. म्हणाला, "आबा, आमचं बी टाकलं की सगळंच्या सगळं उगवतं." आबांनी पुडी फोडली, दहा बिया ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि खुर्ची पुढं केली. "बस. आठ दिसानं उगवलं की जा." तो हसला. आबा हसले नाहीत. चहा मागवला, जेवायचं विचारलं, आंघोळीला पाणी कुठं आहे तेही सांगितलं. तो माणूस चहा अर्धा टाकून मोटारसायकलवर बसला.

चिक्कूही होते. नऊ वर्षांत कुणाला उचल दिली नाही. लग्न असो, बारसं असो, "शनवारी पगार, शनवारी ये." शनिवारी पगार देताना समोर बसवून दोनदा मोजायला लावायचे. "मोज. माज्यावर इस्वास ठेवू नको." मला सगळ्यांसमोर पैसे मोजायची इतकी लाज वाटायची की मी नुसत्या नोटा सरकवायची आणि मान हलवायची. ते ओळखायचे. म्हणायचे, "तोंडानं मोज." मग मी भिंतीकडं तोंड करून मोजायची.

पण एक गोष्ट लिहायला पाहिजे. ट्रेमध्ये रोप जास्त दिवस राहिलं की मुळ्या त्या खणातच गोल गोल फिरतात आणि त्यांचा गुंता होतो. वरून रोप हिरवंगार दिसतं. दुसऱ्या नर्सऱ्यांत असली रोपं खपवतात, गिऱ्हाइकाला काय कळतंय. आबा एकेक उपटून बघायचे आणि गुंता दिसला की अख्खा ट्रे खड्ड्यात. पैसे जाताना त्यांचा चेहरा बघवायचा नाही. पण टाकायचे.

ज्या दिवशी मी पडले तो कोबी लावायचा दिवस होता. मी ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरत होते. डोक्यात कुणी तरी सुतळीबॉम्ब लावला असं झालं. एवढंच मला आठवतं. पुढचं मी शालनआक्काकडून आणि ह्यांच्याकडून, म्हणजे माझ्या नवऱ्याकडून, इतक्या वेळा ऐकलंय की आता मीच बघितल्यासारखं वाटतं.

मी ओकले आणि ट्रेवरच कलंडले. बाया गोळा झाल्या. एक म्हणाली ऊन लागलं, एक म्हणाली पित्त उसळलं, एक म्हणाली हिचा उपास होता. शालनआक्का कांदा फोडून नाकाशी धरायला लागली. तेवढ्यात आबा आले.

"काय झालंय?"

"चक्कर आलीया आबा, पित्ताची."

"दाखव."

ते माझ्यापुढं उकिडवे बसले. "ए बाई, दात दाखव." मी म्हणे तोंड उघडलं, पण ते एकाच बाजूला गेलं. "हात दाखव. दोन्ही." डावा वर आला, उजवा मांडीवरच राहिला. "तुजं नाव सांग." मी काही तरी बोलले, ते कुणालाच कळलं नाही. आबांनी गळ्यातलं भिंग हातात घेतलं होतं, ते सोडून दिलं.

"टेंपो काढा. बारामती."

शालनआक्का म्हणाली, "आबा, आदी कांदा तरी..."

"आदी गाडी, मग कांदा! निम्मी बाई हलत न्हाय, दिसंना का तुला?"

टेंपोत मिरचीचे ट्रे भरलेले होते, एक गिऱ्हाईक पैसे देऊन उभं होतं. आबांनी स्वतःच्या हातानं ट्रे खाली फेकले. नऊ वर्षांत त्यांनी एक ट्रे कधी हातातून निसटू दिला नव्हता. बारामतीला डोक्याचा फोटो काढला, आत रक्त सांडलेलं दिसलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी लगेच पुण्याला पाठवलं. पुण्याचे डॉक्टर नंतर ह्यांना म्हणाले की थोडा आणखी वेळ गेला असता तर बोलणंच आलं नसतं, किंवा माणूसच. आबांना मेंदूतलं काही कळत नव्हतं. त्यांना फक्त बघायची सवय होती. त्या सवयीवर आम्ही नऊ वर्षं हसलो, आणि त्याच सवयीमुळं मी आज ही ओळ लिहिते आहे.

मला जो आजार होता तो फार थोड्यांना असतो. डोक्यातल्या शिरांचा एक गुंता, जन्मापासूनचा. जिथं शीर मोठीची बारीक आणि बारकीची आणखी बारीक होत जायला पाहिजे, तिथं मोठ्या शिरा थेट एकमेकींत घुसलेल्या. चाळीस वर्षं तो गप्प होता, आणि त्या दिवशी एका जागी फुटला. गुंता बोलण्याच्या जागेजवळ होता, म्हणून डॉक्टरांनी कवटी उघडली नाही. मांडी जिथं पोटाला मिळते तिथल्या शिरेला टोचून, केसासारखी बारीक नळी आतल्या आत वर डोक्यापर्यंत नेली आणि फुटलेल्या जागी गोंदासारखं औषध सोडलं. सगळा गुंता एका वेळी बुजवता येत नाही, मेंदूला सोसत नाही. निम्मा बुजवला. उरलेला दीड महिन्यानं. तोवर वजन उचलायचं नाही, जोर करायचा नाही, आणि तारीख चुकवायची नाही. डॉक्टरांनी ह्यांना साफ सांगितलं, "राहिलेला भाग पुन्हा फुटू शकतो. दुसऱ्या वेळी नशीब असंच असेल याची खात्री मी देत नाही."

काही खर्च सरकारी कार्डावर बसला. पण ते औषध आणि नळ्या, बराचसा बाहेरचा खर्च होता. तो आमच्या बचत गटानं कर्जाऊ दिला. गट म्हणजे आम्ही नर्सरीतल्याच अकरा जणी, दर महिन्याला थोडे थोडे टाकणाऱ्या. शालनआक्का खजिनदार. तिनं निम्म्याहून जास्त कपाट मोकळं केलं. तिच्या लेकीचं बाळंतपण तोंडावर होतं, तरी केलं.

आणि मग मी घरी आले.

बाया बघायला आल्या. मी गोधडीवर बसले होते. शालनआक्का माझ्या मागं बसली आणि उवा बघाव्यात तसे माझे केस दोन्ही हातांनी पांगवायला लागली.

"टाकं कुठं हायत गं?"

ती आणखी पुढं वाकली.

"केस बी कापलं न्हाईत. माज्या मावसभावाचं डोक्याचं केलं तर इथून तिथवर टाकं हुतं, नारळ फोडल्यागत."

ह्यांना वाटलं आपण मदत करावी. म्हणाले, "खालनं केलंय."

"खालनं म्हंजे?"

"म्हंजे... पायाकडनं."

सगळ्या खो खो हसल्या. शालनआक्का म्हणाली, "डोक्याचं पायाकडनं? मग गुडघ्याचं कानातनं करतेत व्हय?" ह्यांना लाज वाटली, ते उठून गोठ्याकडं गेले. मलाच सांगायला पाहिजे होतं. पण ती जागा मी तोंडानं कशी सांगू? मी बाळंतपणातसुद्धा सुईणीला बोटानं दाखवलं होतं. त्यात माझे शब्द तेव्हा सावकाश यायचे, भात म्हणायचं तर ताट निघायचं. मी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं मी टाळते आहे.

त्याच महिन्यात माझ्या धाकट्या दिरानं जुनी मोटारसायकल घेतली. त्याच्या स्वतःच्या पैशाची. पण गावाला जोडायला तेवढं पुरे झालं. टाका नाही, पट्टी नाही, केस जागच्या जागी, आणि दारात मोटारसायकल. गटाच्या बैठकीत ठरलं, आधीच्या पैशाचा हिशेब कळेपर्यंत पुढचा पैसा नाही. मी त्यांना दोष देत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मलाही ते खरं वाटलं नसतं. पण तारीख वीस दिवसांवर आली होती. मला रात्री डोकं उशीवर टेकवायची भीती वाटायची, टेकवताना काही हललं तर.

हे आबांकडं गेले. आबा म्हणाले, "मलाबी पटंना."

हे म्हणाले, "आबा, तुमी बी?"

"तू डोळ्यानं बघितलं का नळी कुठं गेली ती?"

"न्हाय."

"मग तुला तरी कसं पटलं? उद्या पयल्या गाडीनं जाऊ. मी बघतो."

नर्सरी एक दिवस बंद ठेवली. आबांनी नर्सरी फक्त बायको गेली तेव्हा बंद ठेवली होती. पुण्याला दोन तास बाकावर बसले, मग डॉक्टरांच्या खोलीत गेले. डॉक्टर पस्तिशीचे, पायात पळायचे बूट. आबांनी आधी त्या बुटांकडं बघितलं, मग म्हणाले, "आमच्या बाईच्या डोक्यात तुमी काय केलं, ते दाखवा."

दुसरा डॉक्टर असता तर हाकलून दिलं असतं. ह्यांनी तर मान खालीच घातली होती. पण डॉक्टर उठले, खुर्ची पुढं ओढली आणि पडद्यावर चित्र लावलं. आधीचं. आबांनी सवयीनं गळ्यातलं भिंग उचलून पडद्याला लावलं.

"हितं नुसतं ठिपकंच दिसत्यात."

डॉक्टर हसले आणि बोटानं चित्र मोठं केलं. आबा बराच वेळ बघत राहिले.

"मुळ्यांनी गोल धरलाय," ते म्हणाले.

डॉक्टरांना कळलं नाही. आबांनी ट्रेतल्या रोपांचं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "हो, अगदी तसंच."

"मग उपटून टाका की."

"उपटताना शेजारचं बोलणं जाईल, हात जाईल. म्हणून आतल्या आत बुजवतो. हे नंतरचं चित्र बघा."

नंतरच्या चित्रात गुंत्याची एक बाजू गेलेली होती. आबांनी दोन्ही चित्रं चार वेळा पुढं-मागं करायला लावली. मग विचारलं, "त्यो गोंद वाहून पुढं गेला म्हंजे?"

हे म्हणतात, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा थांबले. म्हणाले, "तोच धोका आहे, आबा. चांगल्या शिरेत गेला तर नुकसान होतं. म्हणून थेंब थेंब सोडतो, आणि प्रत्येक थेंब पडद्यावर बघतो."

"प्रत्येक?"

"प्रत्येक."

परतीच्या गाडीत आबा फलटण फाट्याशी एवढंच म्हणाले, "बघत करतोय. माणूस कामाचा हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळ्या बायांना पहिल्या शेडमध्ये बसवलं. मलाही बोलावलं. हातात मिरचीचं एक जुनं रोप होतं, मुळ्या धुतलेल्या, सुतळीच्या गुंड्यासारख्या. ते मधे ठेवलं.

"हिच्या डोक्यात असं हाय. मी बघितलं. निम्मं बुजवलंय. तेबी मी बघितलं. निम्मं उघडं हाय आणि त्ये फुटलं तर बाई जाईल. डॉक्टरनं सांगितलं, मी ऐकलं."

शालनआक्का म्हणाली, "आबा, तुमच्या शब्दाफुडं आमी न्हाय. पर नळी कुठनं घातली?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ते सांगतील. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं असतं तर मी सुटले असते.

"ते मी बघितलं न्हाय," आबा म्हणाले. "मी जे बघितलं न्हाय ते मी सांगत न्हाय. ते तिनं सांगायचं."

त्या वेळी मला त्यांचा राग आला. खरं लिहिते. मरायला टेकलेल्या बाईवर एवढा हट्ट कशाला, असं वाटलं. दहा जणी माझ्याकडं बघत होत्या. मी पदर तोंडाला लावला. शालनआक्का म्हणाली, पण या वेळी हळू, "सांग की गं. तुजं तूच सांगायचं हाय."

मी म्हटलं, "जांघेतनं."

पहिल्यांदाच शब्द बरोबर आला.

मागं एक पोरगी फिसकन हसली. शालनआक्कानं तिला मांडीवर चापट दिली. आबा उठले. त्यांनी गळ्यातली सुतळी डोक्यावरून काढली. भिंग त्यांच्या गळ्यातून निघालेलं आमच्यातल्या एकीनंही कधी बघितलं नव्हतं. ते त्यांनी शालनआक्काच्या हातात दिलं. टेंपोवाल्याला हाकललं, जाळीचा पडदा सोडला आणि बाहेर पाठ करून उभे राहिले. बाहेरूनच म्हणाले, "मी हितं उभा हाय. कुणी आत येत न्हाय. बघा आणि काय ठरवायचं ते ठरवा."

मी रिकाम्या ट्रेच्या थप्पीआड गेले. काय आणि कसं दाखवलं ते लिहीत नाही. शालनआक्का भिंग घेऊन वाकली. महिना झाला होता, जखम भरून आली होती. एक काळा ठिपका आणि भोवती पिवळट डाग, एवढंच होतं.

"एवढंसंच?" शालनआक्का म्हणाली. "मुंगी चावल्यागत हाय गं."

"बघू, मला बघू." एकेक करून सगळ्यांनी बघितलं. हसलेल्या पोरीनंही बघितलं.

"ह्या सुईच्या भोकाला एवढं पैसं?" कुणी तरी म्हणालं.

"भोकाचं न्हाईत पैसं," शालनआक्का म्हणाली, "हितनं टकुऱ्यापतोर चालत जायाचं हायत. तू जाशील व्हय?"

तेव्हा मात्र सगळ्या हसल्या आणि मीही हसले. शालनआक्कानं माझं लुगडं सारखं केलं, निरी खोचली, माझ्या गालाला हात लावला आणि तोंड दुसरीकडं वळवलं. तिनं माफी वगैरे मागितली नाही. बाहेर जाऊन आबांना म्हणाली, "घ्या तुमचं भिंग. गट देतोय." गटात जेवढं उरलं होतं तेवढं सगळं दिलं. तिच्या लेकीचं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं, मुलगी झाली, छान आहे.

तरीही थोडे कमी पडत होते. ते आबांनी दिले. उचल म्हणून नाही. "हे कर्ज हाय. शनवारच्या पगारातनं कापून घेणार. एक रुपया सोडणार न्हाय." हे म्हणाले, "आबा, आमी कुठं सोडा म्हणतोय?" आबा म्हणाले, "म्हणू बी नका."

दुसऱ्या वेळी मी शुद्धीवर आत गेले, म्हणून मला सगळं आठवतं. त्या खोलीतला गारठा, हिरवे कपडे, बोटाला लावलेला चिमटा. भीती वाटली. पण पहिल्या वेळेसारखं आंधळ्यानं जाणं नव्हतं. प्रत्येक थेंब कुणी तरी बघणार होतं, हे आबांनी विचारून ठेवलं होतं. जाग आल्यावर डॉक्टरांनी मला नाव विचारलं, मी सांगितलं. हात वर करायला सांगितला, केला. मग म्हणाले, "तुमच्या आबांना दाखवायचंय म्हणून चित्र काढून ठेवलंय, आधी तुम्ही बघा." मी माझ्या डोक्याच्या आतलं बघितलं. झाडासारख्या शिरा, बारीक बारीक होत गेलेल्या. जिथं गुंता होता तिथं काहीच नव्हतं. मला वाटलं, चाळीस वर्षं हे डोकं घेऊन हिंडले आणि आज ओळख झाली.

आबा दवाखान्यात आले नाहीत. आले असते तर मला आवडलं असतं, पण नर्सरी पुन्हा बंद ठेवणं त्यांना जमलं नसतं. मी परत कामावर गेले तेव्हा त्यांनी विचारपूस केली नाही. बी पेरायच्या टेबलाशी उभं केलं. "एका खणात एक बी. सावकाश कर, पर उजव्यानंच." मिरचीचं बी केवढंसं असतं. माझ्या बोटातून ते सारखं निसटायचं. दोन महिने मी रडकुंडीला येऊन एकेक बी उचललं. दुसऱ्या बाया दहा ट्रे करायच्या तेव्हा माझे चार व्हायचे. आबांनी हजेरी तेवढीच धरली, निम्मी. आणि त्यातूनही शनिवारी कापायचे. बाया म्हणायच्या, "काय माणूस हाय, आजाऱ्याला तरी सोडावं." पण मला मनातून बरं वाटायचं. सगळे मला काचेच्या भांड्यासारखं जपत होते. घरात तांब्या उचलू देत नव्हते. आबांच्या वहीत मात्र मी फेडणारी बाई होते. ज्याच्याकडून येणं आहे त्या माणसाला कुणी मेल्यात धरत नाही. त्यांनी पैसे माफ केले असते तर मी त्या शेडमध्ये मान वर केली नसती.

गावातही बोलणं बंद झालं. आबांनी बघितलंय म्हटल्यावर विषय संपला. जो माणूस तिळगुळावर विश्वास ठेवत नाही, तो म्हणतो म्हणजे खरं. दुसऱ्या कुणी, विश्वास ठेवणाऱ्या भल्या माणसानं माझ्यासाठी शपथ घेतली असती तरी तेवढं वजन पडलं नसतं. मागल्या वर्षी वडगावकडच्या एका पोराला असाच त्रास झाला, तर त्याची आई आमच्या घरी विचारायला आली. मी तिला चहा दिला आणि कुठून नळी घालतात ते सांगितलं. तोंडानं. ती पदराआड हसली, मग रडली, मग पुण्याला गेली.

दोन पावसाळे झाले, आबांचे गुडघे गेले. त्यांनी नर्सरी एकाला चालवायला दिली आणि ते इंदापूरला मुलीकडं राहायला गेले. गटाचे पैसे तोवर फिटले होते. आबांचे थोडे राहिले होते. ते फोनवरून पाठवता आले असते, पण फोनमधल्या पैशावर आबांचा विश्वास नव्हता, ते दिसत नाहीत. म्हणून मागच्या महिन्यात मी आणि हे एस.टी.नं इंदापूरला गेलो.

आबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. बारीक झालेत. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या उजव्या हाताकडं बघितलं, आणि म्हणाले, "बसा." मी पिशवीतून पाकीट काढून दिलं. त्यांनी नोटा काढल्या आणि मोजायला लागले. मोजून झाल्यावर पुन्हा मोजल्या. मग पाचशेची एक नोट बाजूला काढली.

"ही कुणाची?"

मी आदल्या दिवशी ती मुद्दाम घातली होती. तोंडानं जे सांगता येत नाही ते त्यातून जाईल असं वाटलं होतं.

"तुमचीच, आबा," मी म्हटलं.

"माजी न्हाय. माजं येणं एवढंच हुतं."

"असू द्या."

"असू द्या म्हंजे काय?" आबा चिडले. "बरोबर दिलंस तर फिटलं. जास्ती दिलंस तर मी तुजा देणेकरी झालो. ह्या वयात मी कुणाच्या शनवारात बसू?"

हे हसायला लागले. आबांनी नोट माझ्या उजव्या हातात ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली. मुलीला हाक मारून वही मागवली, माझ्या नावाखाली रेघ ओढली आणि मला वाचायला लावलं. मी वाचलं, मोठ्यानं.

येताना त्याच नोटेतून तिकिटं काढली. ह्यांचं पूर्ण, बाईमाणूस म्हणून माझं अर्धं. देणं फिटलं, सगळं.